इंटरकूलर विकायचाय, पण मधली गोष्ट सांगू का?

पत्र: "नमस्कार. मी बडोद्यात वाघोडिया रोडला राहतो, वय ३२. माझ्याकडे २०१६ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे. २०२१ साली हौसेनं मोठा इंटरकूलर किट परदेशातून मागवला. ड्यूटी, कुरियर धरून ६८ हजार पडले. सोबत गाडी रीमॅपही करून घेतली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरातला मॅप बदलून ताकद वाढवली. आता घरात चार महिन्यांचं बाळ आहे. गाडी मूळ रूपात आणून शांतपणे चालवायची आहे, म्हणून किट विकायला काढलाय. अडचण अशी की मागच्या वर्षी गाडीचा टर्बो गेला होता. नवा बसवला, पण किट तोच ठेवला. गॅरेजवाला म्हणतो, 'आतलं तेल पुसून द्या, कोणाला कळतंय?' घेणारा आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातलाच २३ वर्षांचा मुलगा आहे. नुकतीच त्यानं सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेतलीय. मला दादा म्हणतो, घासाघीसही करत नाही, ३५ हजार द्यायला तयार आहे. टर्बोचं सांगितलं तर एकतर घेणार नाही, नाहीतर दहा हजारांवर येईल. सांगू का? आणि रास्त भाव काय?" (एक वाचक, बडोदा)

सांगा. पैशाचं बोलण्याआधी सांगा, आणि त्याहीआधी तुम्ही स्वतः नीट माहिती करून घ्या. "टर्बो गेला" एवढंच तुम्ही लिहिलंय. तो कसा गेला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

इतर वाचकांसाठी आधी एवढंच: टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर म्हणजे ती दाबलेली, तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा रेडिएटर. गॅरेजात "टर्बो गेला" हे तीन अगदी वेगळ्या गोष्टींना म्हणतात. एक, टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर किंवा वेस्टगेट, म्हणजे हवेचा दाब आवरणारी झडप वा ती हलवणारा भाग, बिघडतो. गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि अख्खा टर्बो बदलून टाकतात. यात हवेची बाजू स्वच्छ असते, तुमच्या इंटरकूलरला काहीही झालेलं नसतं. दोन, टर्बोच्या फिरत्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, सीलं झिजतात आणि टर्बोतलं ऑइल हवेच्या वाटेत उतरतं. निळसर धूर येतो, ऑइल कमी होत राहतं. तीन, शाफ्ट इतका ढिला होतो की हवा दाबणारं चाक भोवतालच्या भिंतीला घासतं. आधी काही दिवस सायरनसारखा बारीक आवाज येतो, मग घरघर, मग सगळं थांबतं. या तिसऱ्या प्रकारात चाकाच्या पात्यांचा कीस निघतो आणि हवेबरोबर पुढे जातो. पुढे म्हणजे थेट तुमच्या इंटरकूलरमध्ये.

आणि तिथं तो अडकतो. इंटरकूलर हा काही रिकामा डबा नव्हे. उष्णता काढून घेता यावी म्हणून त्याच्या आत हवेच्या वाटेतसुद्धा बारीक पन्हळ्या बसवलेल्या असतात, विशेषतः बार-अँड-प्लेट पद्धतीच्या (पट्ट्या आणि पत्रे रचून केलेल्या) जाड कोअरमध्ये, म्हणजे मधल्या गाभ्यात. धातूचे कण त्या पन्हळ्यांत शिरतात, वरून ऑइलचा थर बसतो आणि ते चिकटून राहतात. फडकं पोचतं ते फक्त दोन्ही टोकांच्या टाक्यांपर्यंत. गॅरेजवाला जे "पुसून द्या" म्हणतोय ते पुसणं एवढंच. मधल्या कोअरला त्याचा हात कधी लागणारच नाही.

तुमच्या मनात येईल की त्यानंतर वर्षभर गाडी चाललीच की, काही असतं तर तेव्हाच कळलं असतं. हा युक्तिवाद मला पटत नाही. गाडीत तो कोअर एका जागी, एकाच दिशेनं हवा घेत बसलेला होता. आता तो काढला जाईल, उलटापालटा होईल, डिकीत आदळेल, कोणीतरी तो धुईल. चिकटलेलं सुटायची वेळ हीच. मग तो त्या मुलाच्या गाडीत बसेल आणि पहिल्यांदा जोरात पाय दिला की सुटलेला कण थ्रॉटलमधून सिलिंडरात जाईल. इंटरकूलर आणि इंजिन यांच्यामध्ये दुसरी गाळणी नसते. एअर फिल्टर टर्बोच्याही अलीकडे असतो, हे लोक विसरतात. सिलिंडरच्या भिंतीवर एकदा ओरखडा पडला की त्याचा हिशेब ३५ हजारांत मिटत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००९ साली माझ्या धाकट्या भावानं त्याच्या डिझेल गाडीसाठी जुन्या पार्टच्या एका दुकानातून वापरलेला इंटरकूलर घेतला. दिसायला चकचकीत, बाहेरून रंगवलेला. दुकानदारानं "एकदम ओके" म्हणून दिला. आत तळाला अर्धी वाटी तरी ऑइल साचलेलं होतं. दोन आठवड्यांनी भाऊ एक्स्प्रेसवेनं अहमदाबादला निघाला होता. आणंदच्या अलीकडे त्यानं ओव्हरटेकला गाडी दाबली आणि ते ऑइल इंजिननं ओढून घेतलं. डिझेल इंजिनाला जळायला काहीही चालतं, ऑइलसुद्धा. पाय काढला तरी इंजिनाचा वेग वाढतच गेला, चावी बंद केली तरी थांबेना, मागे पांढऱ्या धुराचा पडदा. त्यानं पाचवा गिअर टाकून ब्रेकवर उभं राहून इंजिन बंद पाडलं म्हणून तो आज आहे. त्याची बायको शेजारच्या सीटवर होती. तुमची गाडी पेट्रोलची आहे, तिच्यात असं इंजिन पळत सुटण्याची भीती नाही. ऑइल मिसळलेल्या हवेनं पेट्रोल इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे सिलिंडरात इंधन अवेळी पेटून ठोके पडतात, धोका तेवढ्यावर राहतो. पण त्या दुकानदाराला आत काय आहे ते माहीत होतं, रंग त्यासाठीच दिला होता, आणि त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्याच्या जागी तुम्ही उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पहिलं काम गॅरेजात. जुना टर्बो अजून तिथं पडलेला असेल तर मागून घ्या, नसेल तर निदान बिल आणि काम करणाऱ्या मेकॅनिकची आठवण. टर्बो हाती आला तर हवेच्या बाजूचं चाक बघा. पात्यांच्या कडा सरळ, धारदार आणि अखंड हव्यात. कडा चेपलेल्या असतील, एखादा टवका उडालेला असेल, किंवा भोवतालच्या भिंतीवर चकचकीत गोल पट्टा घासलेला दिसला, तर कीस पुढे गेलाय. लोहचुंबक फिरवून "काही चिकटत नाही, म्हणजे स्वच्छ" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हे चाक अ‍ॅल्युमिनियमचं असतं, चुंबकाला ते दाद देत नाही.

टर्बो नाहीच मिळाला तर इंटरकूलरलाच विचारायचं. तो गाडीतून काढल्यावर टर्बोकडचं तोंड खाली करून रात्रभर पांढऱ्या कापडावर उभा ठेवा, जुन्या धोतराचं फडकं उत्तम. पुसट तेलकट डाग पडला तर घाबरू नका. इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडलेली असते, त्यामुळे चांगल्या गाडीतही तेवढा ओलेपणा येतो. थारोळं साचलं तर तो सीलचा मामला. मग डिग्रीझर किंवा ब्रेक क्लीनर इंजिनाकडच्या तोंडातून ओता, म्हणजे हवेच्या नेहमीच्या वाटेच्या उलट, नीट हलवा, आणि टर्बोकडच्या तोंडातून त्याच कापडावर गाळून घ्या. कापड उन्हात धरा. चांदीसारखं काही चमकलं, अगदी चिमूटभरही, तर माझ्यासाठी तिथं विषय संपला. हे काम घरात, गॅलरीत करू नका. वाफा वाईट असतात, आगीचा धोका असतो आणि तुमच्याकडे तान्हं बाळ आहे.

मकरपुरा जीआयडीसीत किंवा शहरात कुठल्याही रेडिएटरवाल्याकडे धुवायला दिलात तर एक गोष्ट बजावून सांगा: कॉस्टिकच्या टाकीत घालायचं नाही. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो. वरून लखलखीत दिसेल आणि पत्रा आतून पातळ होईल. सिलिकॉनचे होज वेगळे काढून साबणाच्या पाण्यानं धुवा. साधं सिलिकॉन हे ऑइलनं आणि पेट्रोलनं फुगतं, मऊ पडतं. वर्षभर ऑइल प्यायलेला होज बोटांनी दाबून पाहिलात तरी कळेल. तसा असेल तर तो विकूच नका, नवा घ्यायला सांगा.

आता भाव. तीन परिस्थितींना तीन भाव, असं मी समजतो.

नुसता अ‍ॅक्च्युएटर गेला होता आणि कापड स्वच्छ निघालं, तर ३० ते ३५ हजार रास्त आहेत. तुम्हाला एकूण ६८ पडले, त्यात ड्यूटी आणि कुरियर आलं. ते तुमच्या हौसेचे पैसे, दुसऱ्यानं का भरावेत? निम्म्याच्या आसपास मिळाले तर समाधान माना. सीलमधून ऑइल आलं होतं पण धातू नाही, तर धुऊन, दाब तपासून, सगळं सांगून २० ते २५. आणि धातू निघाला तर कोअर विकायचा नाही. कोणालाच नाही, दहा हजारांतही नाही. पाइप आतून हात घालून, बघून स्वच्छ करता येतात, ते, टी-बोल्ट क्लॅम्प आणि ब्रॅकेट असं वेगळं विकून पाच-सात हजार आले तर आले. कोअर भंगारात द्या, पण देण्याआधी ड्रिलनं त्याला आरपार दोन-चार भोकं पाडा. नाहीतर तो भंगारातून बाहेर येईल, कोणीतरी रंगवेल, आणि कुठल्यातरी दुकानात "एकदम ओके" म्हणून बसेल.

दाबाची तपासणी रेडिएटरवाला करून देतो. दोन्ही तोंडं बुचांनी बंद करून दीड बार, म्हणजे साधारण २२ पीएसआय हवा भरायची आणि टाकीत बुडवायचं. वेल्डच्या कडेनं बुडबुडे आले तर गळती. आर्गन वेल्डिंगवाले ते भरून देतात, पण तेही सांगून विकायचं. हवा भरलेली असताना बुचाच्या समोर उभं राहू नका. बूच सुटलं तर गोळीसारखं येतं. याचा मोबाइलवर अखंड व्हिडिओ काढून ठेवा. वापरलेल्या इंटरकूलरचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तो मुलगा वाड्यातला आहे, भावही करत नाही. तुम्हाला ही सोय वाटतेय. मला यातच तुमची जबाबदारी दिसते. अनोळखी गिऱ्हाईक असतं तर त्यानं पन्नास प्रश्न विचारले असते. किती किलोमीटर चालला, टर्बो बदललाय का, २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात गाडी उभी होती का, आणि शेवटी हमखास "छेल्लो भाव बोलो", म्हणजे शेवटचा भाव सांगा. हा विचारत नाही, कारण तुमच्यावर विश्वास टाकून त्यानं प्रश्न विचारायचं काम तुमच्याकडेच सोपवलंय. मग ते सगळे प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा आणि उत्तरं त्याला सांगा. पुराचंही सांगा, गाडी पाण्यात नव्हती असं असलं तरी. त्या आठवड्यानंतर या शहरात जुना पार्ट घेताना प्रत्येकाच्या मनात तो प्रश्न असतोच.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. दादा म्हणून त्याला हेही विचारा की हा किट त्याला कशासाठी हवाय. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेर ४२ अंश असताना एक बार बूस्ट (जादा दाब) दिला, तर टर्बोतून निघणारी हवा हिशेबानं १४० अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलरनं ती ६० वर आणली तर त्याच दाबाला तेवढ्याच जागेत साधारण २४ टक्के जास्त हवा मावते, आणि नॉकही टळतो. म्हणून रीमॅप केलेल्या, सारख्या पळवल्या जाणाऱ्या गाडीला मोठा कोअर उपयोगी पडतो. कंपनीच्या मॅपवर रोज कारेलीबाग ते अलकापुरी जाणाऱ्या गाडीला त्याचा फारसा फरक पडत नाही. तिला कंपनीचा इंटरकूलर पुरतो, आणि जाड कोअरमुळे मागच्या रेडिएटरला हवा कमी पोचली तर ट्रॅफिकमध्ये उलट त्रासच. तो मुलगा आज इंटरकूलर घेईल, उद्या रीमॅप करेल. १.८ टीएसआयचा टॉर्क कंपनीनं २५० न्यूटन मीटरवर का रोखलाय, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. त्या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तेवढ्यासाठीच बनवलेला आहे. पुढे गेलात तर ओझं क्लचवर येतं. तुम्ही चार वर्षं हे सगळं केलंय, गाडीनं काय दिलं आणि काय मागितलं हे तुम्हाला माहीत आहे. एक संध्याकाळ सुरसागरच्या काठावर बसून त्याला ते सांगितलंत तर ते किटपेक्षा त्याच्या जास्त कामाचं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि न कळवलेला बदल सापडला तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी हात आखडता घेऊ शकते. हेही त्याच्या कानावर घाला.

जाहिरात द्यायची वेळ आली, म्हणजे हा मुलगा नको म्हणाला तर, "सगळ्या टीएसआयला बसेल" असं लिहू नका. किटवरचा पार्ट नंबर लिहा आणि तुमच्या गाडीचं मॉडेल, साल लिहा. स्लाव्हिया, कुशाक, व्हर्टस, टायगुनवाले फोन करतील. त्यांच्या १.० आणि १.५ टीएसआय इंजिनांत हवा पाण्याच्या साह्यानं थंड होते, रचनाच वेगळी, तुमचा किट त्यांना बसणार नाही. सरळ नाही म्हणा. फोटो कोअरचे समोरून, दोन्ही तोंडांच्या आतले, वेल्डचे आणि सेन्सर बसतो त्या खाचेचे. वाकलेले फिन सरळ करण्याआधीचा एक फोटोही ठेवा. पैसे घेताना क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

बाहेरगावी पाठवायचा असेल तर वजनावर हिशेब करू नका. बरेच कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५ हजारांनी भागतात. ७५ बाय ४५ बाय २५चं खोकं १७ किलोच्या दरानं जातं, आत वस्तू दहा किलोची का असेना. ट्रान्सपोर्टनं पाठवणं बरं. कोअरच्या दोन्ही अंगांना प्लायवूड लावा, तोंडं टेपनं बंद करा.

तुमच्या गाडीविषयी एक इशारा, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला काळजी वाटली. इंटरकूलर बदलण्याआधी गाडी कंपनीच्या मॅपवर आणा. आताचा मॅप मोठ्या, थंड कोअरच्या हिशेबानं केलेला असणार. तोच ठेवून लहान इंटरकूलर लावलात तर उन्हाळ्यात नॉकिंग सुरू होईल. तुमचा मूळ इंटरकूलर कुठे आहे? गॅरेजात असेल तर आधी तो हाती घ्या, त्याचीही गळती तपासा. नसेल तर त्याची सोय होईपर्यंत कोणाकडून बयाणा घेऊ नका. नाहीतर तो मुलगा पैसे देऊन थांबेल आणि तुमची गाडी उघडी पडून राहील.

आणि तिसरा प्रकार निघाला, कापडावर चमक दिसली, तर किटबरोबर स्वतःच्या इंजिनाचीही तपासणी करून घ्या. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. त्या गाडीतून आता बाळ फिरणार आहे.

गॅरेजवाले बदललेले टर्बो साठवून ठेवतात आणि एकदम भंगारात काढतात. तुमचा जाऊन वर्ष झालंय. हे वाचून झालं की आधी त्यांना फोन करा.